शेजारची सीट

ड्रायव्हिंग स्कूलच्या पाटीवर त्यांचं नाव ठळक अक्षरांत रंगवलेलं होतं, पण ते वाचायची तसदी कोणी घेत नसे. सगळ्यांसाठी ते हळूमास्तर. शिकणाऱ्याने किल्लीला नुसता हात लावला की मास्तर म्हणत, "हळू." गाडी अजून जागची हललेली नसे, तरी हळू. एकदा कॉलेजातल्या एका मुलीने विचारलंही होतं, "मास्तर, गाडी बंद आहे. याहून हळू कशी करू?" मास्तर म्हणाले, "श्वास हळू घे." ती मुलगी पुढे पहिल्या खेपेला परीक्षा पास झाली, आणि मास्तरांचं हे वाक्य तिने सगळीकडे सांगितलं, म्हणून नाव आणखीच पक्कं झालं.

त्यांची गाडी छोटी, पांढरी, चारही बाजूंनी पोचे आलेली. एकेक पोचा म्हणजे एकेक विद्यार्थी. तिला क्लच आणि ब्रेक दोन-दोन होते. एक जोडी उजवीकडे, स्टिअरिंगखाली, शिकणाऱ्याच्या पायाशी. दुसरी डावीकडे, शेजारच्या सीटपुढे, मास्तरांच्या पायाशी. वीस वर्षं मास्तर त्या शेजारच्या सीटवर बसून इतरांच्या चुकांवर पाय देत आले होते. स्वतः स्टिअरिंगवर ते फारसे बसत नसत. कामावरून घरी जातानाही एखाद्या विद्यार्थ्याला म्हणत, "चल, घरापर्यंत तूच ने." लोकांना वाटे, केवढा शिकवण्याचा ध्यास.

मास्तरांची दुसरी ख्याती होती त्यांच्या चर्चच्या मंडळीत, आणि ती होती त्यांच्या साक्षीची. दरवर्षी चर्चच्या वर्धापनदिनाच्या रविवारी दोन-तीन माणसं उभी राहून देवाने आपल्याला कसं तारलं ते सांगत. बाकीच्यांच्या साक्षी आजारपणाच्या नाहीतर नोकरीच्या, म्हणजे गोड पण बेताच्या. मास्तरांची मात्र भरजरी. बावीस वर्षांपूर्वी ते एका साबणाच्या कंपनीत व्हॅनवर ड्रायव्हर होते आणि सडकून पीत होते. एके दुपारी एका सहकाऱ्याला निरोपाचं जेवण होतं. मास्तर तिथून झिंगून निघाले आणि व्हॅनमध्ये शेजारच्या सीटवर बसले. गाडी दुसराच कोणी चालवत होता. मास्तर त्याचं नाव कधी घेत नसत, 'चालवणारा' एवढंच म्हणत. चालवणाऱ्याला डुलकी लागली. व्हॅन सुट्टीमुळे बंद असलेल्या एका शाळेच्या भिंतीवर घासत जाऊन आदळली. काच फुटली. इथे मास्तर रविवारच्या पांढऱ्या शर्टाची उजवी बाही वर सारत आणि कोपरापासून मनगटापर्यंत गेलेला व्रण दाखवत. "ही देवाची सही आहे," ते म्हणत. पहिल्या बाकावरच्या म्हाताऱ्या काच फुटायच्या आधीच रुमाल काढून तयार असायच्या. त्या दिवसापासून थेंबाला शिवलो नाही, असं मास्तर सांगत आणि सगळी मंडळी एका आवाजात आमेन म्हणे. साक्ष इतकी तोंडपाठ झाली होती की मास्तरांना खोकला आला तर दुसऱ्या कोणीही पुढे चालू ठेवली असती.

यातलं दारू सुटली हे खरं होतं. ते सोपं नव्हतं, आणि ते मास्तर प्रार्थनेच्या बळावर निभावून गेले हेही खरं होतं. भिंत खरी, काच खरी, व्रण तर खराच. खोटी फक्त सीट होती.

गाडी मास्तरच चालवत होते. शेजारी बसला होता त्यांचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. तो त्याच कंपनीत ड्रायव्हर, त्याची पाळी संपली होती. त्याने थेंबही घेतलेला नव्हता. निघताना त्याने तीनदा किल्ली मागितली आणि तीनदा मास्तरांनी त्याला उडवून लावलं. व्हॅनची उजवी बाजू भिंतीला टेकली, मास्तरांच्या हातात काच घुसली आणि मेहुण्याचा गुडघा पुढच्या डॅशबोर्डवर फुटला. उजवं दार भिंतीत अडकलं होतं, म्हणून दोघेही डाव्या दाराने बाहेर सरपटले. कोण कुठे बसला होता ते आता कोणालाच कळणार नव्हतं. माणसं धावत येईपर्यंत दोन मिनिटं होती. त्या दोन मिनिटांत मास्तर मेहुण्याला म्हणाले, "तू सांग, तू चालवत होतास. तू शुद्धीत आहेस, डुलकी लागली म्हण. माझा हा दुसरा अपघात आहे, मला तुरुंगात घालतील. घरी चाळीस दिवसांची पोर आहे." मेहुणा गुडघा धरून बसला होता. तो हो म्हणाला.

त्याची नोकरी गेली, लायसन्स गेलं, आणि पाय कायमचा ताठ झाला. हे सगळं एक वेळ मास्तरांनी कसंबसं गिळलं असतं. पण बायकोने जे केलं ते त्यांच्या अंदाजात नव्हतं. आई लवकर गेल्यावर तिनेच या भावाला हाताखाली वाढवलं होतं. ती दवाखान्यात त्याच्या खाटेशी उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या लेकरावरचं छत्र घालवायला निघाला होतास तू. पुन्हा तोंड दाखवू नकोस." मास्तर हाताला पट्टी बांधून शेजारीच उभे होते. मेहुण्याने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि मग भिंतीकडे तोंड केलं. मास्तरांनी मूग गिळले.

थोडे दिवस जाऊ देत, मग सांगू, असं त्यांनी ठरवलं होतं. थोड्या दिवसांचे महिने झाले. तोवर ते चर्चमध्ये जाऊ लागले होते, गुडघे टेकून ढसाढसा रडले होते, देवापुढे सगळं कबूल करून मोकळे झाले होते. देवाने क्षमा केली, मग खालच्या माणसाला कशाला त्रास द्यायचा, असा त्यांचा सोयीचा विचार होता. देवाच्या मागे लपायला जागा फार छान असते. मेहुणा मुलीच्या वाढदिवसाला दरवर्षी फोन करायचा. बायको आवाज ऐकून फोन ठेवून द्यायची, आणि मास्तर त्याच वेळी नेमके बूट पुसायला घ्यायचे. त्यांचे बूट फार चकचकीत असत.

त्या वर्षी मंडळीला नवे पाळक, म्हणजे धर्मगुरू, आले. वय पस्तिशीचं, आवाज मऊ, अभ्यास दांडगा, आणि व्यवहारात अगदीच कच्चे. मंडळीने आजारी माणसांच्या घरी जायला त्यांना एक जुनी गाडी दिली होती, पण पाळकांना ती चालवता येत नव्हती. साहजिकच ते हळूमास्तरांकडे आले. पहिल्याच दिवशी त्यांनी कबुली दिली, "मास्तर, माझी एक अडचण आहे. मला डावं-उजवं कळत नाही. लहानपणापासून."

"खायचा हात कोणता?" मास्तरांनी विचारलं.

"भूक लागली की कळतो. एरवी गोंधळ होतो."

त्यावर मास्तरांनीच तोड काढली. पाळकांच्या उजव्या मनगटात त्यांनी एक जाड लाल रबरबँड घातला. "उजवीकडे म्हटलं की लाल. बाकी काही आठवायचं नाही." तीन आठवडे ते बंद पडलेल्या कारखान्यामागच्या मैदानात फिरले. पाळक प्रत्येक वळणाआधी मनगटाकडे पाहत, मग आरशात पाहत, मग मास्तरांकडे पाहत, आणि एवढं होईतो वळण निघून जाई. तरी माणूस चिवट होता. चौथ्या आठवड्यात मास्तरांनी त्यांना रस्त्यावर काढलं.

वर्धापनदिन पुढच्याच रविवारी होता. कारखान्याच्या फाटकाशी, निघण्यापूर्वी, पाळक पट्टा लावत म्हणाले, "तुमच्या साक्षीबद्दल मी खूप ऐकलंय. पहिल्या बाकावरच्या आजींनी तर मला ती सगळी म्हणून दाखवली. हाच ना तो व्रण?" कामावर मास्तर अर्ध्या बाहीचा शर्ट घालत, त्यामुळे व्रण उघडाच होता.

"हाच," मास्तर म्हणाले.

पाळकांनी व्रणाकडे पाहिलं. मग आपल्या मनगटातल्या लाल रबरबँडकडे पाहिलं. मग आपल्या उजव्या हाताच्या खिडकीकडे, आणि मग मास्तरांच्या डाव्या हाताच्या खिडकीकडे. ते पुटपुटत होते. तीन आठवडे मास्तरांनीच त्यांना ही सवय लावली होती, दर गोष्टीची बाजू तपासायची. "मास्तर," ते शेवटी म्हणाले, "तुम्ही तर तिकडे बसला होता ना, आता बसलाय तिथेच? मग तुमची काच डाव्या हाताला. आणि व्रण तर लाल बाजूला आहे. हे कसं?"

मंडळीतल्या निम्म्या लोकांना मास्तरांनी याच गाडीत, याच सीटवर शिकवलं होतं. बावीस वर्षांत एकालाही हा प्रश्न पडला नव्हता. गाडी शिकताना माणसाला समोरच्या ट्रकशिवाय काही दिसत नाही, आणि चर्चमध्ये बाजू कोण मोजतं? आज कोणीतरी मोजली होती. पण वेळ मारून नेण्याची सवयही बावीस वर्षांची होती.

"तुमचा पुन्हा गोंधळ झाला, पाळकसाहेब," ते म्हणाले. "डावं-उजवं उलटं करताय तुम्ही."

पाळक मनापासून हसले. "बघा, माझंच चुकलं. माफ करा. एवढी सोपी गोष्ट." आणि हसत हसत त्यांनी लाल रबरबँड उजव्या मनगटातून काढला आणि डाव्या मनगटात घातला. स्वतःच्या हातापेक्षा मास्तरांच्या शब्दावर त्यांचा जास्त विश्वास होता. मास्तरांनी ते पाहिलं. थांबवायला तोंड उघडलं, पण थांबवायचं म्हणजे कारण सांगावं लागणार होतं. गाडी सुरू झाली.

दोनशे पावलांवर चौक होता. "उजवीकडे घ्या," मास्तर म्हणाले. पाळकांनी मनगटाकडे पाहिलं, लाल कुठे आहे ते पाहिलं, आणि बेधडक डावीकडे चाक फिरवलं. इतक्या आत्मविश्वासाने ते आजवर एकदाही वळले नव्हते. डाव्या कोपऱ्यावर काठी टेकत एक म्हातारा रस्त्यात उतरला होता. मास्तरांनी आपल्या बाजूचा ब्रेक दोन्ही पायांनी दाबला. गाडी म्हाताऱ्याच्या काठीपासून वीतभर अंतरावर थांबली.

पाळक धडपडत खाली उतरले. म्हाताऱ्याचे दोन्ही हात धरून ते म्हणत होते, "बाबा, चूक माझी आहे. पूर्णपणे माझी. मला डावं-उजवं कळत नाही. यांचा काही दोष नाही, यांनीच वाचवलं तुम्हाला." म्हातारा मास्तरांना हात जोडत होता. मास्तर शेजारच्या सीटवर बसून ते पाहत होते आणि त्यांचे पाय ब्रेकवरून उचलत नव्हते. बावीस वर्षांपूर्वी एका माणसाने माझी चूक स्वतःच्या अंगावर घेतली ती मी सांगितलं म्हणून. आता दुसऱ्याने घेतली, आणि त्याला तर ठाऊकही नाही. हे असंच चालत राहणार, मास्तरांना वाटलं. मी शेजारी बसणार आणि माणसं माझ्यासाठी माफी मागत राहणार. त्यांना स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती. त्यांनी डोळे मिटले आणि देवाला म्हणाले, मी तुझ्याशी इतकी वर्षं बोलतोय, पण तू काय म्हणत होतास ते मी ऐकलंच नाही. या प्रार्थनेत एकही पाठ केलेला शब्द नव्हता.

त्यांनी पाळकांना गाडीत घेतलं, गाडी स्वतः चालवत चर्चपर्यंत नेली आणि एवढंच म्हणाले, "रबरबँड काढून ठेवा. उद्या शिकवणी नाही. मला आधी घरी बोलायचंय."

घरी बायको नुकतीच कामावरून आली होती. ती दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायची आणि संध्याकाळी तिचा आवाज बसलेला असायचा. ती स्वयंपाकघरात कपडे घड्या करत होती. मास्तर दारात उभे राहिले. बसले असते तर कदाचित सांगणं झालंच नसतं.

"गाडी मी चालवत होतो," ते म्हणाले.

"कोणती गाडी?"

"ती. भिंतीवर गेली ती. तो शेजारी बसला होता. त्याने घेतलीही नव्हती. मी त्याला म्हटलं तू सांग, म्हणून त्याने सांगितलं."

तिने हातातल्या टॉवेलची घडी पूर्ण केली आणि ढिगावर ठेवली. मग तो ढीगच उचलून जमिनीवर टाकला. "मी त्याला दवाखान्यात काय बोलले, आठवतंय तुम्हाला?"

"आठवतंय."

"तुम्ही तिथे होता."

"होतो."

"तो माझ्या मांडीवर वाढलाय हो," ती म्हणाली आणि खाली पडलेले कपडे पुन्हा गोळा करायला लागली. मग म्हणाली, "देवाने तुम्हाला क्षमा केली असेल. त्याला वेळ असतो. मला आत्ता तुमच्याकडे बघवत नाहीये."

त्यानंतर चार दिवस ती त्यांच्याशी लागेल तेवढंच बोलली. दूध संपलंय. गॅसवाला येऊन गेला. परगावी नोकरी करणाऱ्या मुलीचा फोन आला तेव्हा तिनेच मुलीला सगळं सांगितलं, मास्तरांसमोर, एक शब्दही मऊ न करता. मास्तर कोपऱ्यात बसून ऐकत होते. बूट पुसायला त्यांनी घेतले नाहीत. गंमत अशी की त्या चार दिवसांत त्यांना भीती होती, लाज होती, जेवण जात नव्हतं, आणि तरी प्रार्थनेला बसलं की छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटे. इतकी वर्षं ते देवापुढे बाही वर करून बसत होते. आता दाखवण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि देव जवळ होता. बायको सोडून जाईल, असाही विचार येई. तो आला की ते म्हणत, गेली तर तिचा हक्क आहे, आणि मग पुन्हा रडत.

शनिवारी सकाळी तिने पर्स उचलली आणि म्हणाली, "गाडी काढा." शिकाऊ गाडीची पाटी छतावर तशीच होती. ती मागच्या सीटवर बसली. दोन तासांच्या रस्त्यात ती एकदाच बोलली, "जरा भरभर चालवा."

मेहुणा शेजारच्या शहरात गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायचा. दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीशी रेक्झिनचे गुंडाळे उभे, कोपऱ्यात फोमचे तुकडे, मधे शिलाई मशीन. मशीनला मोटर होती, कारण त्याला डावा पाय पुढे ताठ ठेवूनच बसता येत असे. केस सगळे पांढरे झाले होते. दारात उजेड अडला म्हणून त्याने मान वर केली, आणि मशीन धावत राहिलं. शिवण सरळ रेघ सोडून कडेला गेली.

बायकोने वाटेत मनातल्या मनात पुष्कळ काही जुळवलं असणार. प्रत्यक्षात ती म्हणाली, "केवढे केस पिकवलेस रे."

"ताई," तो म्हणाला. मग मास्तरांकडे पाहून, "बसा." पण बसायला दुकानात एकही धड सीट नव्हती. सगळ्या सीटांची कव्हरं काढलेली होती. दोघेही उभेच राहिले.

"मी हिला सांगितलं," मास्तर म्हणाले. "चूक माझी होती. तुझं आयुष्य मी वापरलं. माफी मागायला आलोय, पण तू द्यावीस असा माझा काही हट्ट नाही."

मेहुण्याने बिघडलेली शिवण उसवायला घेतली. बराच वेळ तो एकेक टाका तोडत होता. "नोकरीचं मी विसरलो होतो," तो म्हणाला. "पायाचीही सवय झाली. मी हो म्हटलं ते तुमच्यासाठी नव्हतंच, ताईसाठी होतं. आणि ताईच गेली." त्याने आणखी एक टाका तोडला. "पण एक सांगतो. तीन वर्षांपूर्वी आमच्या मंडळीत एक पाहुणा उपदेशक आला होता. त्याने एक साक्ष सांगितली. साबणाची व्हॅन, शेजारी बसलेला दारुडा, डुलकी लागलेला चालवणारा. फार छान सांगितली. मी तिसऱ्या बाकावर होतो. सगळ्यांनी आमेन म्हटलं."

"तू काय केलंस?" बहिणीने विचारलं.

"मीही म्हटलं. काय करणार?"

मास्तर खाली बसले, फरशीवर, फोमच्या तुकड्यांत. त्यांना वाटलं होतं गोष्ट आपल्या मंडळीच्या चार भिंतींत आहे. ती या माणसाच्या बाकापर्यंत चालत आली होती. "उद्या मी सगळं खरं सांगणार आहे," ते म्हणाले. "चर्चमध्ये, सगळ्यांपुढे."

"काही गरज नाही," मेहुणा झटकन म्हणाला. "ताईला त्याच लोकांत राहायचंय. मुलीचं लग्न व्हायचंय. आता कशाला चिखल उडवता? मला समजलं, ताईला समजलं, झालं."

"हेच," मास्तर म्हणाले. "तू पुन्हा माझ्या जागी बसतोयस. तेव्हा तू माझं ऐकलंस. आता मी तुझं ऐकणार नाही."

मेहुण्याने टाका तोडायचं थांबवून त्यांच्याकडे नीट पाहिलं. "माफ केलं असं आत्ता तोंडून निघत नाही," तो म्हणाला. "एकदा खोटं बोललोय. पुन्हा नाही बोलणार."

"नको बोलूस," मास्तर म्हणाले.

बायको मशीनच्या पलीकडे गेली, भावाच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली आणि त्या पांढऱ्या केसांत तोंड खुपसून रडली. मास्तर दुकानाबाहेर जाऊन थांबले. निघताना तिने भावाला दुसऱ्या दिवसाची उपासनेची वेळ सांगितली. तो येतो म्हणाला नाही.

रविवारी पहिल्या बाकावर रुमाल तयार होते. मास्तर उठले तेव्हा सगळ्यांनी जरा सावरून बसून घेतलं, आवडतं गाणं लागल्यासारखं. मास्तरांनी बाहीला हात लावला नाही. "मी बावीस वर्षं तुम्हाला सांगत आलो की मी शेजारच्या सीटवर होतो," ते म्हणाले. "ते खोटं आहे." मग त्यांनी सगळं सांगितलं: किल्ली तीनदा मागितली ते, दोन मिनिटं, दवाखान्यातली खाट, वाढदिवसाचे फोन. आवाज मधेच चिरका होत होता. कधी थांबत होते, कधी एकच गोष्ट दोनदा सांगत होते. साक्ष म्हणून ती फारच वाईट होती. "आणि पाळकसाहेब," ते शेवटी म्हणाले, "तुम्ही बरोबर होता. रबरबँड परत उजव्या हातात घाला." दोन-तीन लोक चुकून हसले आणि लगेच गप्प झाले. मास्तरांनी सांगितलं की दारू सोडवली ती देवानेच, पण त्याने हात धरून जिथवर नेलं असतं तिथवर आपण गेलोच नाही, मधेच बसून राहिलो आणि त्याचीच गोष्ट करून सांगत राहिलो. एवढं म्हणून ते खाली बसले.

आमेन कोणी म्हटलं नाही. पहिल्या बाकावरच्या एका आजींनी शेजारणीला मोठ्याने विचारलं, "म्हणजे इतके दिवस आपण कशाला रडत होतो?" पाळक उभे होते. त्यांनी खिशातून लाल रबरबँड काढला, उजव्या मनगटात घातला, आणि मऊ आवाजात प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकरी वाटून घेण्याच्या विधीची, प्रार्थना सुरू केली.

त्या मंडळीत भाकरीचं ताट बाकावरून हातोहात पुढे सरकत असे. प्रत्येकाने एक तुकडा घ्यायचा, ताट शेजाऱ्याकडे द्यायचं; आपण त्या लायक नाही असं ज्याला वाटे, तो न घेताच ताट पुढे देई. प्रार्थनेसाठी सगळ्यांनी डोळे मिटले होते, तेव्हा मागच्या दारातून कोणीतरी पाय ओढत आत आलं आणि मास्तरांच्या बाकाशी थांबलं. बायको आत सरकली. मास्तरांना आवाजावरून कळलं, पण मान वर करायचा धीर झाला नाही. मेहुणा दोघांच्या मधे बसला, ताठ पाय बाकाखालून पुढे सारून.

ताट आलं. बायकोने घेतलं, भावाकडे दिलं. त्याने घेतलं. मास्तर मांडीवर हात घट्ट धरून बसले होते. आज आपण घ्यायचं नाही, असं त्यांनी सकाळीच ठरवलं होतं. ताट तसंच पुढे जाऊ द्यायचं. इतकी वर्षं हक्काने घेत आलो, एकदा तरी नको. त्यांनी ताट पुढच्या माणसाकडे द्यायला हात केला, पण मेहुण्याने ते सोडलं नाही. दोघांच्या हातांत ताट अडकून राहिलं. मागच्या बाकावर कोणीतरी खाकरलं.

"घ्या, दाजी," मेहुणा हळूच म्हणाला. "पुढची माणसं खोळंबलीत."

मास्तरांनी तुकडा घेतला.